वेशीच्या आत कोण?

राष्ट्रीय संकटात समाजाची सांस्कृतिक मूल्ये उजळून निघतात, असे आपल्याकडच्या वैचारिक लेखनात हमखास वाचायला मिळते. पालघरच्या इतिहासाशी ताडून पाहिल्यावर हे विधान मला अपुरे वाटते.

१४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’ची हाक ऐकून गावोगावचे लोक पालघरच्या कचेरीवर मोर्चाने आले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले : ठोसर, पागधरे, तिवारी, मोरे आणि चुरी. पागधरे, चुरी ही इथल्या किनारपट्टीची आडनावे. तिवारी हे उत्तरेकडचे. हुतात्मा स्तंभापाशी दरवर्षी पाचही जणांना आपले म्हणूनच अभिवादन होते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि राज्यातल्या इतर गावांप्रमाणे इथल्याही गावांनी वेशी बंद केल्या. याला नुसते अडाणीपण म्हणणे चूक. साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. इस्पितळ दूर असलेल्या गावाच्या हाती शीव राखण्याचाच उपाय असतो. पण रोगाला अडवणारी शीव माणसालाही परका ठरवते. चोर, मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवांनी रात्रीचे पहारे बसले. १६ एप्रिलला गडचिंचले येथे, अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने पोलिसांदेखत ठार मारले.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या परप्रांतीय कामगारांची कथा वेगळी, पण प्रश्न तोच. कारखाने थांबले, मजुरी थांबली. अन्नवाटप झाले हे खरे. मात्र ती दया होती, हक्क नव्हता. मे महिन्यात अनेकांनी श्रमिक गाड्यांची वाट धरली.

गावाने एकजुटीने उभे राहायचे, हे मूल्य दोन्ही वेळी होते. बदलले ते ‘आपला कोण’ याचे उत्तर. १९४२ साली ते चळवळीने गावोगाव जाऊन घडवले. २०२० साली ते भीतीच्या आणि अफवांच्या हाती गेले. तेव्हा संकटकाळाची चिकित्सा करताना मूल्यांची यादी देऊन भागणार नाही. ती कोणापर्यंत पोचतात आणि ती हद्द कोण आखते, हे तपासावे लागेल. तिवारींना हुतात्मा मानणाऱ्या गावाने बोईसरच्या चाळीत राहणाऱ्या कामगाराला जिवंतपणीच आपला मानावे, एवढी मागणी त्या स्तंभावरच्या नावांतूनच निघते.