अफू, संशय आणि बेपत्ता माणूस : ‘एडविन ड्रूड’चे एक वाचन

माणूस नाहीसा होतो, प्रेत सापडत नाही आणि त्याच्या भोवतालात कोठेतरी अमली पदार्थाचा वावर असल्याचा संशय येतो. हे तीन घटक एकत्र आले की वाचकाचे मन तिसऱ्याकडे धाव घेते. नशेचा उल्लेख झाला की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. वस्तुतः विचारणे तेवढे थांबलेले असते. चार्ल्स डिकन्सच्या ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ (१८७०) या अपूर्ण कादंबरीची समीक्षा हा या प्रवृत्तीचा बोलका नमुना आहे.

बारा मासिक भागांत पूर्ण व्हावयाच्या या कादंबरीचे सहाच भाग ९ जून १८७० रोजी, डिकन्सच्या निधनसमयी, हाती होते. आरंभ लंडनमधील अफूच्या अड्ड्यात होतो. मोडक्या पलंगावर एक चिनी, एक लास्कर खलाशी आणि अड्डा चालविणारी स्त्री यांच्यासमवेत पडलेला जॉन जास्पर शुद्धीवर येतो आणि त्याच दिवशी क्लॉइस्टरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये प्रार्थनेच्या गायकवृंदात सामील होतो. पुढे नाताळच्या आदल्या रात्री त्याचा तरुण भाचा एडविन बेपत्ता होतो. नदीच्या बंधाऱ्यापाशी घड्याळ आणि शर्टाची पिन मिळते. देह मिळत नाही.

दोनच वर्षे आधी डिकन्सच्याच साप्ताहिकातून विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ (१८६८) प्रसिद्ध झाली होती. तिचा नायक नकळत पोटात गेलेल्या अफूच्या अर्काच्या अमलाखाली हिरा उचलतो आणि ते विसरतो. पुढे पुन्हा अफूचा अर्क देऊन प्रसंगाची पुनरावृत्ती घडविली जाते व कोडे उलगडते. नशा तेथे कुलूपही आहे आणि किल्लीही. त्स्वेतान तोदोरोव्हने १९६६ मध्ये रहस्यकथेत दोन कथा दाखविल्या : गुन्ह्याची आणि तपासाची. ‘मूनस्टोन’मध्ये दुसरी कथा पहिलीला परत मिळविते. ‘ड्रूड’मध्ये दुसरी सुरू होते, पहिली मात्र कायमची हरवलेली राहते.

ही पोकळी भरण्यासाठी अनेक भाष्यकारांनी कॉलिन्सची किल्ली डिकन्सच्या कुलपाला लावली. जास्परने अफूच्या गुंगीत खून केला आणि तो विसरला, हा तर्क त्यातूनच आला. संहिता या तर्काला साथ देत नाही. अखेरच्या प्रकरणात गुंगीतला जास्पर बरळतो, त्याचा आशय असा की तो ‘प्रवास’ त्याने तेथे असंख्य वेळा केला होता आणि प्रत्यक्षात केला तेव्हा तो क्षुल्लक वाटला. अफू येथे कृतीची रंगीत तालीम आहे, विस्मरणाचे कारण नव्हे. शिवाय संशय जास्परच्या चिलमीपुरता मर्यादित नाही. त्याने स्वतः मिसळून दिलेले मद्य घेताच एडविन आणि नेव्हिल यांची जीभ जड होते; त्याच्या बाटलीतले पिऊन पाथरवट डर्डल्स गाढ झोपतो. त्यांत काही मिसळले होते, असे निवेदक कोठेही म्हणत नाही. अन्यत्र सर्वसाक्षी असणारा हा निवेदक येथे केवळ खुणा मांडतो. निष्कर्षाची जबाबदारी वाचकावर पडते.

ती जबाबदारी नैतिकही आहे. गावाचा पहिला संशय जातो तो सिलोनहून आलेल्या, सावळ्या, तापट नेव्हिलवर. देह न सापडल्यामुळेच तो सुटतो, कलंक मात्र उरतो. अड्ड्यात परके दिसतात म्हणून पापही परक्यांचे, या समजाला डिकन्स धक्का देतो, कारण त्याच पलंगावर कॅथीड्रलचा प्रतिष्ठित गायकही पडलेला आहे.

जॉन फॉर्स्टरने १८७४ मध्ये, मामाकडून भाच्याचा खून हीच योजना होती, अशी साक्ष नोंदविली. ती डावलता येत नाही. तथापि ती लेखकाच्या संकल्पाविषयीची साक्ष आहे, लिहून झालेल्या संहितेविषयीची नाही. १९१४ मध्ये लंडनमध्ये जास्परवर लुटुपुटीचा खटला झाला. चेस्टरटन न्यायाधीश होते, शॉ ज्यूरीचे प्रमुख. १९८५ च्या ब्रॉडवे संगीतिकेत तर शेवट प्रेक्षकांच्या मतदानाने ठरू लागला. गुन्हेगार कोण, याचा निकाल पुनःपुन्हा लागला. एडविनचे काय झाले, ही पृच्छा मात्र मागे पडत गेली. हरवलेला माणूस तर्काचे निमित्त होऊन दुसऱ्यांदा हरवला.

सात वर्षे माणसाची वार्ता नसेल तर १८७२ चा भारतीय पुरावा कायदा मृत्यू गृहीत धरीत असे. २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ते गृहीतक राखले आहे. आपल्याकडील पालाशविधीत पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिच्यावर अंत्यसंस्कार होतात. दोहोंतही मागे राहिलेल्यांसाठी शेवट केला जातो, पण काय घडले ते कळल्याचा आव आणला जात नाही. ‘अफू’ हे उत्तर म्हणून स्वीकारणारी समीक्षा नेमका उलटा व्यवहार करते : ती आधी कारण सांगून मोकळी होते आणि माणसाची वाट पाहणे सोडून देते. डिकन्सची कादंबरी अपूर्ण राहिली हा अपघात खरा. परंतु त्या अपूर्णतेचा मान राखून वाचणे वाचकाच्या हाती आहे.