चिलखत बरोबर, लढाई चुकीची

संगणकावरच्या युद्धनीतीच्या खेळांत बायझंटाइन साम्राज्य निवडलं, की सगळ्यात आधी हाती लागतो तो कॅटाफ्रॅक्ट. स्वार लोखंडात मढलेला आणि घोडाही. १९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’नं हा स्वार लोकप्रिय केला, २०१२ मध्ये ‘सिव्हिलायझेशन ५’च्या ‘गॉड्स अँड किंग्ज’ या भरीत तो आला, आणि २०२३ मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स ४’नंही त्याला घेतलं. दर खेपेला तो दिसायला अधिक खरा होत गेला आहे. चित्रकारांनी अभ्यास केलाय, यात वाद नाही. तक्रार आहे ती त्याला लढवण्याबद्दल.

दहाव्या शतकातल्या निकिफोरस फोकास या सेनानी सम्राटाच्या नावावर एक युद्धपुस्तिका आहे. तिच्यात कॅटाफ्रॅक्टांची मांडणी आकड्यांनिशी दिली आहे. पाचरीच्या आकाराचा व्यूह, पहिल्या ओळीत २० स्वार, मागच्या प्रत्येक ओळीत चार-चार वाढत बाराव्या ओळीत ६४, एकूण ५०४. एवढे स्वार नसतील तर पहिली ओळ १० जणांची आणि एकूण ३८४. पुढच्यांच्या हाती लोखंडी गदा, आणि व्यूहाच्या पोटात, चिलखतवाल्यांच्या आडोशाला, घोड्यावरचे तिरंदाज. सगळा जमाव संथपणे, ओळ न मोडता शत्रूवर सरकायचा. त्याची ताकद वेगात नव्हतीच. खेळातला कॅटाफ्रॅक्ट मात्र किल्ल्यातून एकटाच बाहेर पडतो, भरधाव सुटतो आणि पायदळ तुडवतो. तिरंदाज वेगळे विकत घ्यायचे, ते वेगळे उभे राहणार. दोन शस्त्रांची सांगड हा ज्या सैन्याचा कणा होता, त्याचे सुटे भाग तेवढे आपल्याला मिळतात.

ग्रीक अग्नीची गत याहून गमतीची. सातव्या शतकात सीरियाहून आलेल्या कल्लिनिकोसनं तो आणला असं मानतात. तापवलेलं ज्वालाग्राही द्रव्य दाब देऊन नळीतून फवारायचं. ९४१ मध्ये कीव्हचा राजा इगोर याचं रुस आरमार यानंच जाळलं. याची कृती परक्या कोणालाही देऊ नको, अशी ताकीद सम्राट सातव्या कॉन्स्टंटाइननं मुलासाठी लिहिलेल्या ग्रंथात आहे. आणि ‘एज २’मध्ये आगीची जहाजं जवळपास सगळ्यांनाच बांधता येतात, बायझंटाइनांची फक्त जरा भराभर मारा करतात! जॉन हॉल्डन या इतिहासकारानं नळीची प्रतिकृती करून पाहिली तेव्हा ज्वाळा दहा-पंधरा मीटर गेली. म्हणजे जहाजाला जहाज जवळजवळ भिडवायचं आणि समुद्रही शांत हवा. ‘सिव्हिलायझेशन ५’चं ड्रोमन जहाज मात्र लांबूनच मारा करतं.

काळाच्या सरमिसळीबद्दल फार बोलत नाही. हजार वर्षं एका पटावर बसवायची तर ती होणारच. तरी ‘एज ४’च्या मध्ययुगात लिमितानेई हे भालाईत भेटतात तेव्हा खटकतं, कारण रोमन सीमेवरची ही शिबंदी अरबांच्या आक्रमणांनंतर उरलीच नव्हती. ‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये टाग्मा म्हणजे एक जातीचा घोडेस्वार, प्रत्यक्षात त्या पाचव्या कॉन्स्टंटाइननं आठव्या शतकात उभ्या केलेल्या राजधानीच्या पगारी पलटणी होत्या आणि त्यांच्यात पायदळही होतं. उलट ‘एज २’चे सैनिक लॅटिन बोलतात म्हणून हसणाऱ्यांनी सम्राट मॉरिसच्या काळची युद्धपुस्तिका पाहावी. तिचा मजकूर ग्रीक आहे, पण कवायतीचे हुकूम लॅटिनच.

खरी चूक नियमांच्या मुळाशी आहे. समोरासमोर भिडा आणि जिंका, याच पायावर हे खेळ उभे आहेत, तर बायझंटाइन सेनापतींचे ग्रंथ खुली लढाई शक्यतो टाळायला सांगतात. टॉरस पर्वताच्या सरहद्दीवरच्या लढायांविषयीची दहाव्या शतकातली पुस्तिका तर सरळ गनिमी काव्याची आहे: घुसलेल्या टोळीला येऊ द्या, तिच्या मागावर राहा, लूट घेऊन जडावलेली ती परत फिरली की खिंडीत गाठा. अशा सेनापतीला पडद्यावर गुण मिळत नाहीत. २०२४ च्या ‘रोड्स टू पॉवर’नं ‘क्रुसेडर किंग्ज ३’मध्ये प्रांतांचे सुभेदार आणि त्यांची राजकारणं आणली. तिथं लढाई म्हणजे निव्वळ आकडेमोड, पण फौज हाताशी असलेला सुभेदार सिंहासनाकडे कसा पाहतो हे नेमकं कळतं. माझ्या मते सैन्याचं सगळ्यात प्रामाणिक चित्र या बिनलढाईच्या खेळातच आहे.

‘एज ४’नं भाडोत्री सैनिक आणले, हेही उत्तम. ऑलिव्ह तेल मोजून ते मिळतात हा कल्पनाविलास, पण परक्यांच्या तलवारी पगारावर ठेवणं अस्सल बायझंटाइन आहे. कीव्हचा राजा व्लादिमीर यानं धाडलेल्या सुमारे ६,००० योद्ध्यांतून वारँगियन गार्ड ही सम्राटाची शरीररक्षक पलटण उभी राहिली ती दुसऱ्या बेसिलच्या काळात, ९८८ च्या सुमारास. अडतं ते पुढे. खेळात तेल दिलं की हे भाडोत्री मरेपर्यंत इमानी राहतात. प्रत्यक्षात सम्राट दुसऱ्या अँड्रोनिकसनं १३०३ मध्ये तुर्कांविरुद्ध कॅटलन कंपनी ही भाडोत्री फौज बोलावली. १३०५ मध्ये तिचा नायक रॉजर द फ्लोर याचा राजपुत्राच्या मुक्कामी खून झाला, आणि मग त्याच कंपनीनं थ्रेस उजाड केला.