मंगळागौर : रिंगण आणि रंगमंच

कोपर्निकस मार्गावर कमानी प्रेक्षागृह आहे, दूरदर्शन भवन आहे आणि जुने महाराष्ट्र सदनही आहे. रंगमंच, पडदा आणि घराची आठवण, तिन्ही एकाच रस्त्यावर भेटतात. कचेरी सुटल्यावर येथून जाताना आम्हांस केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) हा चित्रपट हटकून आठवतो. घरातला आचार रंगमंचावर गेला म्हणजे त्याचे काय होते, हाच त्याचाही प्रश्न आहे.

कथा साधी आहे. परस्परांपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. मूळ व्रत नवविवाहितेचे. लग्नानंतर पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी गौर पुजायची आणि झिम्मा, फुगडी, पिंगा खेळत, सूप नाचवीत रात्र जागवायची. येथे खेळतात त्या मात्र संसाराने थकलेल्या, प्रौढ बायका. व्रताला चिकटलेली वयाची अट दिग्दर्शकाने सहज दूर सारली, हे आम्ही या चित्रपटाचे मोठे श्रेय मानतो. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांच्यासारख्या अभिनेत्रींमुळे तो थकवा खराही वाटतो.

उणीव आहे ती स्पर्धेची. झिम्म्यात बायकांची तोंडे एकमेकींकडे असतात. स्पर्धेत ती परीक्षकांकडे वळतात. जागरणाच्या खोलीत प्रेक्षक असा कोणी नसतोच. दमून भिंतीला टेकलेली बाईसुद्धा गाणे म्हणतच असते. जपानात ओबोनच्या दिवसांत पूर्वजांच्या स्मरणार्थ बोन-ओदोरी हा नाच करतात. मध्ये ढोलाचा मचाण, भोवती रिंगण. येईल त्याने रिंगणात शिरावे आणि पुढच्याचे हात पाहून शिकावे. आमच्या मंगळागौरीची जातकुळी हीच आहे. स्पर्धेने रिंगणाची रांग केली. मात्र हा चित्रपट पाहायला बायका नटूनथटून घोळक्याने गेल्या आणि चित्रगृहातच नाचू लागल्या. पडद्यावर जे निसटले, ते त्यांनी खुर्च्यांच्या रांगांत परत मिळवले.

चित्रपट पाहताना आम्हीही डोळे पुसले होते. तरीही गेल्या श्रावणात आमच्या दोन खोल्यांच्या सरकारी घरात मंगळागौर जागवली, तेव्हा आमची विधवा बहीण रीतीप्रमाणे स्वयंपाकघरात भाजणीचे वडे तळीत होती, आणि त्यात आम्हांस काही वावगे वाटले नाही. शेजारच्या पंजाबी बाईंना ही रीत ठाऊक नव्हती. त्यांनी तिचा हात धरून तिला सरळ फुगडीला ओढले. गाणे क्षणभर थांबले. आम्ही दारात उभे होतो. एक शब्द बोललो नाही. मग बहिणीनेच पदर खोचला.

परमुलखात परंपरा जपण्याविषयी आम्ही मंडळी पुष्कळ बोलतो. त्यातले काय जपावे आणि काय सोडावे, हे त्या बाईंनी अजाणता दाखवले. अशा चित्रपटाची कसोटी तिकीटविक्रीत नाही. तो पाहून घरी आल्यावर स्वयंपाकघरातून आपण कोणाला बाहेर बोलावले, एवढेच प्रत्येकाने स्वतःला विचारावे. आमचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे.