‘यंत्रमानव’ : एका प्रतिशब्दाची परीक्षा

कारेल चापेक याच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून ‘रोबोट’ हा शब्द जगभर गेला. (तो सुचविला त्याचा बंधू योसेफ याने.) मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठ. मराठीने ‘यंत्रमानव’ हा प्रतिशब्द रूढ करताना वेठ गाळली व मानव तेवढा ठेवला. ही निवड निरुपद्रवी म्हणता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात वाहतुकीच्या शिस्तीसाठी ‘रोडिओ’ नामक यंत्र रस्त्यावर आले. ते हात हलवून खुणा करी. परंतु त्या खुणेस जो काही मान मिळे तो पोलिसाच्या अधिकाराचा, यंत्राचा नव्हे. शेंदूरजनाघाटसारख्या बागायती गावच्या वाचकास येथे बुजगावणे आठवेल, आणि ही तुलना पुष्कळ नेमकी आहे : सदरा माणसाचा, धाक शेतमालकाचा. भेद इतकाच की, पाखरू मालकाचे नाव विचारीत नाही. चौकात अडविलेल्या नागरिकास मात्र तो हक्क आहे. ‘मानव’ म्हटले की यंत्रच कर्ता भासू लागते, आणि जाब कोणास विचारावयाचा हे धूसर होते. ‘वेठयंत्र’ हा शब्द कानास रुक्ष लागेल, हे खरे. तरी कोशकारांनी ‘यंत्रमानव’ या नोंदीखाली मूळचा अर्थ निदान नमूद करावयास हवा.