सूर्य आणि होडी

क्लोद मोनेच्या ‘इम्प्रेशन, सनराइझ’विषयी बोलणारा प्रत्येक जण सूर्यापासून सुरुवात करतो. १८७४ साली पॅरिसमध्ये, नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत ते मांडले गेले. लुई लरुआने त्याच्या नावावरून थट्टा केली आणि ती थट्टाच एका संप्रदायाचे नाव होऊन बसली. हे सर्वश्रुत आहे. माझे भांडण वेगळे आहे.

चित्र आहे ल आव्हरच्या बंदराचे, १८७२ मधले. १८७०–७१ च्या युद्धात फ्रान्स नुकताच प्रशियाकडून हरलेला. तरी धुक्यात डोलकाठ्या, याऱ्या, धुरांडी उभी आहेत. बंदर कामाला लागले आहे. आणि पुढे, गडद रंगाच्या मोजक्या फटकाऱ्यांत, एक होडी व तीत उभा माणूस. रसिक मंडळी त्याला ‘आकृती’ म्हणतात आणि रंगसंगतीत जिरवून टाकतात!

हे चित्र एकदा काळ्या-पांढऱ्या छापात पाहावे. सूर्य भोवतालच्या आकाशाइतकाच उजळ रंगवलेला असल्यामुळे जवळजवळ विरघळून जातो. होडी मात्र जागची हलत नाही. केवळ रचनेचा तोल राखण्यासाठी ती तिथे ठेवली, असे कुणी म्हणेल. म्हणो बापडा. मग इतर काही चालले नसते काय?

कादंबरीकाराला त्या माणसाचा चेहरा, घर, कर्ज सारे लिहावेसे वाटते. मोने त्यातले काही देत नाही, आणि ते योग्यच. एवढ्या धुक्यात, एवढ्या दुरून तेवढेच दिसते. तो कोळी की खलाशी हेही कळत नाही. उभ्याने वल्हवतो आहे, एवढे नक्की.