चार समित्या, एक भाषा

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीविषयीच्या लेखनात एक विधान जवळजवळ गृहीतकासारखे वावरत असते. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व स्वीकारले आणि १९५५-५६ मध्ये तेच मोडले, असे ते विधान होय. त्याच्या उत्तरार्धामागील वेदना खरी आहे. पूर्वार्ध मात्र पक्षाच्या घटनेशी क्वचितच ताडून पाहिला जातो.

नागपूरला मान्य झालेल्या घटनेतील प्रांतांची यादी लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. मद्रास इलाख्यात आंध्र, तामिळनाड व केरळ यांना भाषेनुसार स्वतंत्र समित्या मिळाल्या, कर्नाटकालाही मिळाली. मराठी मुलखाच्या वाट्याला मात्र चार समित्या आल्या: महाराष्ट्र, मुंबई शहर, मध्यप्रांतातील मराठी जिल्हे आणि वऱ्हाड. त्यांतही मुंबईच्या नावापुढे मराठी व गुजराती अशा दोन भाषा नोंदलेल्या आहेत. हिंदुस्तानी भाषेचा प्रदेशही अनेक समित्यांत विभागला होता; तेव्हा मराठीवर हेतुपुरस्सर अन्याय झाला, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. परंतु भाषेच्या आधारे समित्या आखणे वेगळे आणि एका भाषेचा एकच प्रांत मानणे वेगळे. घटनेत पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. वऱ्हाडचेच पाहावे. या प्रदेशावर निजामाची नाममात्र सत्ता, प्रत्यक्ष कारभार इंग्रजांचा आणि १९०३ पासून मध्यप्रांताशी जोडणी, असा त्याचा इतिहास. पुण्याशी त्याचे नाते होते ते टिळकपरंपरेचे, राज्यकारभाराचे नव्हे. स्वतंत्र समितीमुळे या वेगळेपणाला संघटनेचे हाडपेर लाभले. त्या समितीचे धुरीण बापूजी अणे यांनी पुढे वेगळ्या विदर्भाचा पुरस्कार केला, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही.

भाषिक समितीच्या हाती सत्ता किती होती, हे १९३८ च्या खरे प्रकरणात उघड झाले. मध्यप्रांत-वऱ्हाड हा सरकारचा एक प्रांत. पण तेथे काँग्रेसच्या समित्या तीन: नागपूर, वऱ्हाड व महाकोशल. मंत्रिमंडळातील वाद पुष्कळसा मराठी व हिंदी या गटांच्या वळणाने गेला. डॉ. ना. भा. खरे यांना जावे लागले व रविशंकर शुक्ल आले. निर्णय तिन्ही समित्यांच्या वर असलेल्या श्रेष्ठींनी केला. प्रचार लोकभाषेतून करण्याची मुभा शाखेला होती. अंतिम शब्द तिचा नव्हता. चळवळीच्या काळात हे अंतर फारसे जाणवले नाही, कारण तेव्हा शाखेचे काम लोकांना उभे करण्याचे होते. मंत्रिमंडळे आल्यावर ते झाकणे अशक्य झाले.

१९५५ मध्ये राज्यपुनर्रचना आयोगाने मुंबई द्वैभाषिक ठेवून विदर्भ वेगळा करण्याची शिफारस केली. पुढे नोव्हेंबरात कार्यकारिणीने महाराष्ट्र, गुजरात व मुंबई शहर अशा तीन राज्यांची योजना मांडली. १९२० ची यादी समोर ठेवली तर या दोन्ही योजनांतील रेषा अनोळखी वाटत नाहीत. मुंबईची समिती वेगळी होती, म्हणूनच महाराष्ट्राच्या समितीचा आवाज त्या शहराचा आवाज ठरू शकला नाही. आणि मुंबईच्या समितीवर दीर्घकाळ वर्चस्व असलेले स. का. पाटील, स्वतः कोकणातले असूनही, मुंबई महाराष्ट्रात जाण्याच्या विरोधात उभे राहिले. शंकरराव देव, भाऊसाहेब हिरे, काकासाहेब गाडगीळ यांची कोंडी अधिक करुण होती. मागणी लोकांची, शिस्त पक्षाची. यशवंतराव चव्हाणांनी फलटणला नेहरूंचे स्थान संयुक्त महाराष्ट्राहून मोठे ठरवले आणि त्यासाठी भरपूर टीका सोसली. तथापि शाखेच्या घटनात्मक स्थितीचे याहून स्पष्ट वर्णन कोणी केले नाही, हेही मान्य करावे लागते. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला धूळ चारली. द्वैभाषिकातील सत्ता टिकली ती इतर विभागांच्या बळावर.

त्यामुळे ‘वचनभंग’ हा शब्द वापरणाऱ्या अभ्यासकाला वचन कोणते, हे आधी दाखवावे लागेल. काँग्रेसच्या अनेक ठरावांतून व जाहीरनाम्यांतून भाषावार प्रांतांचे आश्वासन मिळत गेले, ही गोष्ट खरी. पण त्या आश्वासनाचा अर्थ लोकांनी व पक्षाने एकच लावला नव्हता. १ मे १९६० रोजी राज्य एक झाले. मुंबई शहराची काँग्रेस समिती मात्र महाराष्ट्राच्या समितीपासून आजही वेगळीच आहे.