ताबा आणि मालकी : श्पिट्सवेगच्या एका रेखाचित्राचा विचार

कलाकृतीचा स्वामित्व-इतिहास हा कलासमीक्षेत बहुधा तळटीपेचा विषय मानला जातो. कोणाकडून कोणाकडे आणि कोणत्या वर्षी, एवढ्या नोंदीवर समाधान मानले जाते. परंतु प्रत्येक हस्तांतराचा अर्थ सारखा नसतो. जर्मन चित्रकार कार्ल श्पिट्सवेग (१८०८-१८८५) याचे 'पियानोवादन' हे सुमारे १८४० मधील रेखाचित्र या दृष्टीने उद्बोधक ठरते.

हे रेखाचित्र लाइपझिग येथील संगीत-प्रकाशक हेन्री हिन्रिक्सन यांच्या संग्रहात होते. ग्रीगच्या रचना प्रसिद्ध करणाऱ्या सी. एफ. पीटर्स या प्रकाशनसंस्थेचे ते मालक होते. ते ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत ही संस्था त्यांच्याकडून हिरावली गेली; १९३९ मध्ये रेखाचित्रही जप्त झाले. १९४० मध्ये ते कलाव्यापारी हिल्डेब्रांट गुर्लिट याच्याकडे गेले. १९४२ मध्ये आउशवित्झ छावणीत हिन्रिक्सन यांची हत्या झाली.

'हिन्रिक्सन, त्यानंतर गुर्लिट' अशी नोंद केली तर साखळी अखंड दिसते. मात्र तिच्यातील अन्याय दिसत नाही. ज्याला नकार देण्याचे स्वातंत्र्य नाही, त्याच्याकडून गेलेल्या वस्तूचा ताबा बदलतो, मालकी बदलत नाही.

पुढे हे रेखाचित्र हिल्डेब्रांटचा मुलगा कॉर्नेलियस याच्याकडे आले. २०१२ मध्ये त्याच्या म्युनिकमधील सदनिकेतून १,२०० हून अधिक कलाकृती ताब्यात घेण्यात आल्या. जर्मन कायद्यातील ३० वर्षांची मुदत केव्हाच उलटली होती. १९९८ ची वॉशिंग्टन तत्त्वेही बंधनकारक नव्हती. तरीही एप्रिल २०१४ मध्ये कॉर्नेलियसने लुटीच्या ठरणाऱ्या कृती परत करण्यास संमती दिली. त्याच्या मृत्यूनंतर संग्रहाचा वारसा लाभलेल्या बर्नच्या कलासंग्रहालयानेही हीच भूमिका स्वीकारली.

२०१५ मध्ये हे रेखाचित्र लुटीचे असल्याचे निश्चित झाले. हिन्रिक्सन यांच्या वारसांच्या इच्छेनुसार ते सुपूर्द होण्यास मात्र जानेवारी २०२१ उजाडले. तोवर लुटीच्या ठरलेल्या १४ कृतींपैकी ही अखेरची होती. सत्य सिद्ध होणे आणि न्याय मिळणे यांतील हे अंतर दुर्लक्षिता येत नाही.

तात्पर्य, स्वामित्व-इतिहासात नाव व वर्ष यांबरोबरच हस्तांतर कोणत्या परिस्थितीत झाले, हेही नोंदविले गेले पाहिजे. तसे न केल्यास समीक्षक नकळत बळजबरीलाच व्यवहाराची प्रतिष्ठा देतो.